जालावर हाती लागलेलं काहीबाही (फॉरवर्ड सोडून)

रात्रपाळी

मंडळी, आमच्या घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो संदेश आला. युनेस्कोनं म्हणे आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलंय. हा संदेश फिरायला लागला तेव्हा माझा भाचा पाळण्यात होता, आता तो मिशीला पीळ देतो. मामांना सांगितलं की हे खोटं आहे, तर म्हणाले, "चांगलंच लिहिलंय ना? मग राहू दे की."

म्हणून हा धागा. सिनेमा, तंत्रज्ञान, कला, खेळ, काहीही चालेल. अट एकच: मूळ वस्तू जालावर असली पाहिजे आणि ती तुम्ही स्वतः पाहिलेली किंवा ऐकलेली असली पाहिजे. 'कुणीतरी म्हणतं' चालणार नाही.

सुरुवात मी करतो. रात्रपाळीत सर्व्हरवर डोळा ठेवणं हे माझं काम, त्यामुळे एक ते चार हा वेळ माझा. परवा नासाच्या व्हॉयेजर अवकाशयानांवरची सोनेरी तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. १९७७ साली दोन यानं निघाली, दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी. संगीताच्या २७ रचना आहेत आणि त्यातली पंचविसावी केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटं.

केसरबाईंचं गाणं त्या तबकडीवर आहे हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. मला माहीत नव्हतं ते त्याच्या मागचं-पुढचं. आधी छिन नावाच्या चिनी तंतुवाद्याचं साडेसात मिनिटांचं वादन येतं, अगदी संथ, पाणी वाहावं तसं. ते विरतं न विरतं तोच केसरबाईंचा आवाज येतो. दार उघडून कुणी थेट आत यावं तसा. बाई संपल्या की ब्लाइंड विली जॉन्सन हा अमेरिकेतला अंध गायक. त्याच्या त्या गाण्यात शब्दच नाहीत, गिटार आणि नुसतं हुंकारणं. आणि सगळ्यात शेवटी बीथोव्हन. हा क्रम ज्यानं लावला त्याचा कान फार तयार असणार. बाईंना सुटं ऐकू नका, मागून-पुढून ऐका.

त्याच तबकडीवर ५५ भाषांमधले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे. पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा देऊन झाल्यावर त्या बाई परग्रहवासीयांना 'ह्या जन्मी धन्य व्हा' असं सांगतात. ह्या जन्मी! समोरच्याला जन्म-मरणाची भानगड आहे की नाही हेसुद्धा विचारलेलं नाही. मी एकटाच हसत होतो, वॉचमन बघून गेला.

शंकेखोर

धागा छान. पण 'नासाने जगातील सर्वश्रेष्ठ गायिका म्हणून केसरबाईंची निवड केली' हाही फॉरवर्डच आहे ना? तुम्हीही त्याच वाटेनं चाललाय की काय?

रात्रपाळी

सर्वश्रेष्ठ वगैरे मी कुठे म्हटलं? तबकडी बनवणाऱ्या कार्ल सेगन यांच्या गटाला भारतीय संगीताचा नमुना हवा होता. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकानं केसरबाईंचं हेच गाणं घ्या म्हणून सुचवलं. स्पर्धा नव्हती, परीक्षक नव्हते, नंबर नव्हते.

यातली खरी गंमत पुढे आहे. सुचवलं खरं, पण ती ध्वनिमुद्रिका अमेरिकेत बाजारातून गेलेली. शोधाशोध करता करता न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तीन न उघडलेल्या प्रती मिळाल्या. दुकान घरगुती उपकरणांचं आणि प्रती पत्ते खेळायच्या टेबलाखाली खोक्यात पडलेल्या. तबकडी बनवणाऱ्यांनीच हे नंतर लिहून ठेवलंय. फॉरवर्डमध्ये हे टेबल कधीच येत नाही. 'सर्वश्रेष्ठ' मात्र न चुकता येतं.

फोंडेकर_बाय

आमच्या तालुक्याचा विषय निघालाय म्हणून लॉगिन केलं, दीड वर्षांनी. पासवर्ड आठवेना.

बाई केरीच्या, फोंडा तालुक्यातल्या. जन्म १८९२. लहानपणी कोल्हापूरला नेलं, तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम १९२१ पासून, म्हणजे तिशी जवळ आल्यावर! एवढ्या उशिरा पुन्हा पाटी कोरी करून बसायचं म्हणजे काय असेल ते गाणाऱ्यांनाच कळेल.

आणि एक तारीख पाहा. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला. (व्हॉयेजर-२ त्याच्या आधी, २० ऑगस्टला. नंबर उलटे आहेत, चूक नाही.) बाई गेल्या १६ सप्टेंबरला. अकरा दिवसांचं अंतर.

रात्रपाळीबाबा, मीही आज तुम्ही म्हणता तसं मागून-पुढून ऐकलं. सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. त्या चिनी वाद्याला "हे काय टिंग टिंग" म्हणाल्या. बाईंचा आवाज लागल्यावर गवारीच्या शेंगा हातातच राहिल्या. मग म्हणाल्या, "ही बाई कुणाला घाबरत नसावी." मी इतकी वर्षं समीक्षा वाचते, असं वाक्य नाही सापडलं.

मिनीची_आई

वाखूसा (वाचनखूण साठवली). सासूबाईंना नमस्कार सांगा.

चहाबाज

एवढ्या उंचीवरून थेट पँट्रीत उतरतो, माफी असावी.

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात ट्रोजन रूम नावाची खोली होती. तिथे कॉफीचं एकच भांडं आणि पिणारे सगळ्या मजल्यांवर. जिने चढून जावं तर भांडं रिकामं. १९९१ मध्ये तिथल्या मंडळींनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र प्रत्येकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसेल असा प्रोग्रॅम लिहिला. चित्र १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं, करड्या रंगाचं. मिनिटाला तीनेकदा बदलायचं. तेवढं पुरे, कॉफी काही पळत नाही. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि जगभरचे लोक दुसऱ्याच्या कॉफीचं भांडं बघायला लागले. जगातला पहिला वेबकॅम तो हा. २२ ऑगस्ट २००१ ला बंद झाला. शेवटचं चित्र अजून पाहायला मिळतं: बटण बंद करायला गेलेली बोटं आणि अंधूक भांडं.

ते भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. घेणारे जर्मनीतले 'श्पीगल ऑनलाइन'वाले. आणि भांडं बिघडलेलं होतं!

आमच्या ऑफिसात चहाच्या मशीनसमोर असाच कॅमेरा लावावा म्हणून मी अर्ज केला होता. एचआरनं 'गोपनीयता' या शब्दाला लाल अधोरेखन करून परत पाठवला.

आबा_सदाशिव

तुम्हा तरुणांचं चालू द्या. मला नातीनं टॅबवर जुने धावफलक कसे काढायचे ते दाखवलंय, तेव्हापासून घरात माझी कुणाला कटकट नाही.

सापडलेला फलक असा. रणजी करंडक, पुणे, डिसेंबर १९४८. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड पहिला डाव २३८. महाराष्ट्र ४ बाद ८२६. त्यात भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. आणि त्याखाली काहीच नाही. काठियावाडचा दुसरा डाव नाहीच. निकालाच्या जागी: काठियावाडनं सामना सोडून दिला.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. प्रथम श्रेणीतला तेव्हाचा विक्रम ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. निंबाळकर विश्रांतीला आले तेव्हा नऊ धावा कमी होत्या. बरोबरीला नऊ, मोडायला दहा. काठियावाडचे कर्णधार म्हणजे राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी ठरवलं की आता खेळायचं नाही. आपल्याविरुद्ध असा विक्रम झाला हे नावावर नको. महाराष्ट्रानं दोन षटकं टाका, मग आमचा डाव घोषित करतो अशी विनवणी केली असं सांगतात. ठाकोरसाहेब बॅगा भरून चालते झाले.

निंबाळकर कसोटी खेळलेच नाहीत. एकही नाही. कसोटी न खेळलेल्या माणसाची प्रथम श्रेणीतली सर्वात मोठी खेळी अजून हीच. भारतीयाचीही हीच.

मी तो पडदा बराच वेळ बघत बसलो होतो. पेपरात, पुस्तकात ही हकिकत शंभरदा वाचलीय. पण फलकावर जिथे दुसऱ्या डावाचे आकडे असायला हवेत तिथली ती कोरी जागा पाहिल्यावर राग आला, आज इतक्या वर्षांनी. नात म्हणाली, "आजोबा, बीपीची गोळी घेतलीत का?"

शंकेखोर

आबा, थोडी काठियावाडची बाजू घेतो. समोर ८२६ झालेत, तीन दिवस उन्हात धावताय, सामना तर केव्हाच गेलाय. उगाच कुणाच्या विक्रमासाठी का राबायचं?

आबा_सदाशिव

मग पाचशेला सोडायचा होता सामना. चारशे त्रेचाळिसावर त्यांना ऊन लागलं?

शंकेखोर

हा मुद्दा मान्य. 😄

चहाबाज

आबा, भांडारकरही त्याच डावात होते ना? दुसऱ्या टोकाला?

आबा_सदाशिव

होय, कमल भांडारकर, २०५. दोघांची दुसऱ्या गड्यासाठी ४५५ ची भागी. द्विशतक ठोकूनही माणूस विसरला जातो तो असा. तुम्ही आठवण काढलीत, बरं वाटलं.

वऱ्हाडी_ठेचा

आबांच्या आधीच्या जमान्यात जातो भाऊ. ऑलिंपिकचे जुने अधिकृत अहवाल स्कॅन करून ठेवलेत, लॉस एंजेलिसच्या एका क्रीडा-ग्रंथालयानं. फुकट. बसलो एका रविवारी, बायको म्हणे जेवाले या, मी म्हणो थांब, अँटवर्प चालू आहे.

१९२० चं अँटवर्प. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ मध्ये शर्यती झाल्या, त्या पाहून दोराबजी टाटांनी मनावर घेतलं आणि पोरं पाठवली. त्यातले फडेप्पा चौगुले बेळगावकडचे. मॅरेथॉन पळाले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत, १९ वे आले. आता मजा पहा: आजची मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, अँटवर्पची होती ४२.७५. ऑलिंपिकमधली सगळ्यात लांब मॅरेथॉन तीच. म्हणजे आपला गडी अर्ध्या किलोमीटरच्या वर जास्तीचा पळाला. आणि त्याच वर्षी कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले. चौथे! पदकाच्या दारातून परत. खाशाबांचं कांस्य त्यानंतर ३२ वर्षांनी, हेलसिंकीत.

आणि आमच्या अमरावतीचं सांगितल्याशिवाय उठणार नाही. १९३६ च्या बर्लिनले आमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं गेली होती, देशी खेळ दाखवाले. कबड्डीसुद्धा. जग ध्यानचंदची हॉकी पाहत होतं तेव्हा तिकडेच एका बाजूले आपली पोरं दम धरून 'कबड्डी कबड्डी' करत होती. हाओ.

मिनीची_आई

ठेचाभाऊ, तुमचे जुने प्रतिसाद वाचायचे म्हणून शोधात नाव टाकलं. एकही सापडलं नाही! नाव बदललंत का?

वऱ्हाडी_ठेचा

नाही ताई, नऊ वर्षांपासून हेच नाव. माले पण कोणी सापडवत नाही. संपादकांले दोनदा विचारलं.

कळफलक

मी या धाग्यात काय टाकावं याचा दोन दिवस विचार करत होतो. ठेचाभाऊंनी विषय ताटात वाढला.

व्यवसायानं मी अक्षररचनाकार. भाऊ, तुमच्या नावात 'ऱ्ह' आहे. हा डोक्यावर रफार न जाणारा, डावीकडे पापणीसारखा वळणारा अर्धा र. आपल्याला तो लागतोच, कारण 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. हिंदीला ही गरज पडत नाही.

युनिकोडमध्ये हा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. तुमचं नाव नोंदवताना तुमच्या कळफलकानं एक पद्धत वापरली, ताईंच्या फोननं दुसरी. शोधयंत्र म्हणालं, असा कुणी माणूसच नाही.

ठेचाभाऊंचं जाऊ द्या, ते धागाभर ओरडून तरी सांगतील. पण 'दुसऱ्या', 'साऱ्या', 'शेतकऱ्यांना', 'तऱ्हा' असल्या प्रत्येक शब्दाचं हेच. मी 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द दोन्ही प्रकारे शोधून पाहिला, वेगवेगळी पानं आली. म्हणजे आपण जालावर काही शोधतो आणि 'सापडलं नाही' म्हणून उठतो, तेव्हा ते नसतंच असं नाही.

ता. क. तुमच्या फोनवर 'श' आणि 'ल' कसे दिसतात बघा. आपल्या वळणाचा ल दोन पाकळ्यांचा, हिंदीचा वेगळा. दोन्हींना युनिकोडमध्ये जागा एकच. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही आकार ठेवलेले असतात, पण पानानं 'मी मराठी' अशी खूण दिली तरच आपला आकार येतो. बहुतेक मराठी पानं ती खूण देत नाहीत. माझी बायको म्हणते की लग्नपत्रिका हातात आली की मी नावं न वाचता श तपासतो. खरं आहे.

रात्रपाळी

कळफलकराव, सर्व्हर माझे आणि हे मला माहीत नाही. लाज वाटली.

यावरून आठवलं. इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन १९९६ पासून पानं साठवतंय. मी तिथे १९९९-२००० ची मराठी पानं उघडून पाहिली. युनिकोड तेव्हा रुळलेलं नव्हतं, जो तो आपापला फाँट वापरायचा. पान जपलेलं आहे, चित्रं काही ठिकाणी आहेत, पण फाँट नाही. त्यामुळे अख्खा अग्रलेख म्हणजे रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं यांची खिचडी. वाचता येत नाही आणि गेलंय असंही म्हणता येत नाही.

कळफलक

गेलेलं नाही. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तकं मिळतात. फाँट कोणता ते ओळखता आलं पाहिजे, तीच मेख. मजकूर व्यनिनं (व्यक्तिगत निरोपानं) पाठवा. खिचडीत कोणती चिन्हं वारंवार येतात त्यावरून बऱ्याचदा अंदाज बांधता येतो.

शंकेखोर

मीही काहीतरी टाकतो, नाहीतर म्हणाल नुसता खुसपट काढतो. फाळक्यांचा 'कालिया मर्दन', १९१९. जालावर आहे, मूकपट. बहुतेक लोक नागाच्या मारामारीपर्यंत पुढे ढकलतात. तसं करू नका. सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी दिसते, सात वर्षांची, आणि ती नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते. मग तीच कृष्ण होते. म्हणजे बापानं प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलंय की ही माझी पोर, हा अभिनय, आता विश्वास ठेवायचा तर ठेवा. आणि आपण ठेवतो! दोन मिनिटांनी ती कृष्णच असते. आम्हा शंकेखोरांचीसुद्धा पंचाईत.

फोंडेकर_बाय

हे सासूबाईंना दाखवते आज.

आबा_सदाशिव

माझी नात नेमकी सात वर्षांची. दोघं मिळून पाहिला. मंदाकिनीनं रागाचा भाव केला तेव्हा ही म्हणाली, "हा तर तुमचा त्या क्रिकेटवाल्या काकांवर चिडल्यावरचा चेहरा." तिच्या मते ठाकोरसाहेबांमुळे माझा चेहरा तसा झाला होता. असो.

संपादक

धागा वाचतो आहोत. शोधसुविधेत दोन्ही प्रकारचे 'ऱ' एकच मानायची दुरुस्ती काल रात्री केली आहे. श्री. कळफलक यांचे आभार. 'श' आणि 'ल' चं पुढच्या आठवड्यात बघतो, तोवर लग्नपत्रिकांवर समाधान मानावे.

मिनीची_आई

टाकून पाहिलं. वऱ्हाडी, वर्‍हाडी, दोन्हीकडून सापडताय ठेचाभाऊ! ४१२ प्रतिसाद. त्यातले पहिले वीस नुसते भांडणाचे आहेत.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, सुधारणा रद्द कराले कोणाले भेटावं लागते?